जिथे कुणाच्याच नावावर सातबारा नाही!

घरात भाजीला काही नसले की बटाटा धावून येतो. पण याच बटाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेले एक गाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर दूर! विमानतळ नाही. बोटीने आठवडाभर लागतो, तोही समुद्राने साथ दिली तर. बेटावर एकच गाव. वस्ती अडीचशेच्या आत.

गावापासून काही किलोमीटरवर बटाट्याची शेते आहेत. वारा पीक झोडपून काढतो, म्हणून प्रत्येक तुकड्याभोवती दगडी गडगा. आपल्याकडे पावसाळा सरत येतो, तेव्हा तिकडे हिवाळा संपतो. मग बायका-पोरांसह सारे घर लागवडीला निघते. दूध घरच्या गाईचे, मांस घरच्या मेंढीचे, मासळी समुद्राची. लोकर पिंजून, कातून स्वेटर घरीच विणायचे. उंदीर फार, म्हणून वर्षातला एक दिवस अख्खे गाव उंदीर मारायला बाहेर पडते. पीठ, तांदूळ, साखर मात्र बोटीने येते. त्यासाठी लागणारा पैसा सरकारी नोकरीतून आणि शेवंडीच्या कारखान्यातून मिळतो.

१८१६ साली, नेपोलियनच्या सुटकेसाठी कुणी या बेटाचा वापर करू नये म्हणून, ब्रिटिश सैन्याची तुकडी येथे आली. ती परतली, तेव्हा विल्यम ग्लास हा शिपाईगडी बायको-मुलांसह मागे राहिला. १८१७ साली त्याने सोबत्यांबरोबर करार केला: माल सगळ्यांचा, नफा-खर्च सारखा, कष्ट सारखे, कुणी कुणापेक्षा वरचढ नाही.

आजही जमीन साऱ्या गावाची आहे. बाहेरच्याला ती विकत मिळत नाही. कुरण पुरावे आणि एकाच घराने श्रीमंत होऊ नये, म्हणून प्रत्येक कुटुंबाने किती जनावरे पाळायची तेही ठरलेले आहे.

१९६१ साली गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला. सर्वांना इंग्लंडला नेण्यात आले. तिथे वीज होती, टीव्ही होता, दरमहा पगार होता. आता हे लोक कशाला परत जातील? पण १९६२ साली मतदान झाले. परतण्याच्या बाजूने १४८, विरोधात फक्त ५! १९६३ साली बहुतेक जण पुन्हा बेटावर आले.

इंग्लंडमध्ये पगार होता, पण तो दुसऱ्याच्या हातचा. बेटावर कुदळ आपली होती, आणि डोक्यावर कुणी मालक नव्हता.