पोटगी आईवडिलांनाही!

पोटगी म्हटलं की डोळ्यांसमोर येते नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई. पण म्हाताऱ्या आईवडिलांनाही मुलांकडून पोटगी मागता येते, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. कन्नडमध्ये तिला ‘जीवनांश’ म्हणतात, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या कचेऱ्यांत ‘भरण-पोषण’. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या या पांढुर्णा जिल्ह्याचं चित्र आपल्या सीमाभागासारखंच आहे. घरात मराठी, कचेरीत दुसरी भाषा आणि कामधंद्यासाठी हद्द ओलांडून नागपूर गाठणारी मुलं.

मागे राहिलेल्या वृद्धांनी मग कुणाकडे पाहायचं? दारिद्र्यरेषेखालच्यांना सरकारी पेन्शन आहे. पण त्यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये. राज्य सरकार त्यात भर घालतं, तरी औषधपाणी भागणं कठीणच. त्यामुळे ‘सरकार देतंय ना!’ असं म्हणून मुलांना हात झटकता येत नाहीत.

२००७ च्या केंद्रीय कायद्यानं ही जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली आहे. त्यात सुनेचं नाव नाही, बोल मात्र बहुतेकदा तिलाच लागतो! लग्न झालेली मुलगीही यातून सुटत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच, जुन्या फौजदारी कायद्याखाली, तसा निकाल दिला होता. मूलबाळ नसेल, तर इस्टेट ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे, त्या ऐपतदार नातलगानं सांभाळ करायचा.

अर्ज करायचा तो मध्य प्रदेशात एसडीएमकडे, महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यांकडे, कर्नाटकात असिस्टंट कमिशनरकडे. आईवडील राहतात तिथं किंवा मुलगा राहतो तिथं, कुठंही अर्ज चालतो. सौंसरच्या आईला त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. वकील लावलाच पाहिजे असं नाही. स्वतःला जमत नसेल, तर दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला अर्ज करायला सांगता येतं. आधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल लागावा, असं कायदा सांगतो. रक्कम महिना जास्तीत जास्त १० हजार रुपये.

संत्र्याची बाग किंवा राहतं घर मुलांच्या नावावर करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. मध्य प्रदेशातल्याच छतरपूरच्या एका आईचं बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये याच कारणानं रद्द ठरवलं. म्हणून ही अट तोंडी न ठेवता बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. मुलांची नियत चांगली असेल, तर त्यांनाही त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.