केसांसाठी दही

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याला पोषण मिळते ते मुळाशी, रक्तातून. म्हणूनच दह्याचा खरा उपयोग ताटातला. 100 ग्रॅम दह्यात साधारण 3 ते 4 ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय कॅल्शियम आणि ब-12 जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत या ब-12चे मोल मोठे. मात्र दह्यात लोह नगण्य. त्यासाठी पालेभाज्या, कडधान्ये हवीतच.

बाहेरून लावलेल्या दह्यातील लॅक्टिक आम्ल आणि स्निग्धांश केसांना मऊपणा देतात. भिजवलेल्या मेथ्या वाटून दह्यात कालवायच्या, मिश्रण केसांना लावायचे आणि अर्ध्या तासाने कोमट पाण्याने धुवायचे. कोंडा हटत नसेल किंवा टाळूला जखम असेल, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.