झाकणाखालचा चहा

नौबादच्या जमिनीचा गुण असा, की वर ओतलेले पाणी तिथे क्षणभर रेंगाळत नाही. बिदरच्या पठारावरचा हा तांबडा, सच्छिद्र जांभा पाऊस पिऊन घेतो आणि खालच्या काळ्या कातळापाशी नेऊन सोडतो. याच सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा माग काढीत बहामनी अमदानीतील कारागिरांनी नौबादचा करेझ, म्हणजे भुयारी पाणवाट, खोदला आणि त्याच्या वाटेवर हवाउजेडासाठी विहिरींसारखी उभी विवरे ठेवली. भूमध्य समुद्राच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यावरून आलेल्या रोझमेरीला हीच वृत्ती मानवते, कारण मुळाशी साचलेले पाणी हा तिचा पहिला शत्रू. शेजारच्या काकूंनी तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोके पाडून, निम्मा मुरूम आणि निम्मी माती भरून लावलेले झुडूप म्हणूनच गेले काही पावसाळे तग धरून आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की डबा वळचणीखाली सरकतो, आणि उन्हे परतली की पुन्हा अंगणात येतो.

तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्याच कुळातील ही वनस्पती, पण पान मात्र सुईसारखे निमुळते, कडा आत मुडपलेल्या, वरून गर्द हिरवे आणि खालून पांढुरक्या लवीचे. दोन बोटांत चुरडले की आधी कापूर जाणवतो, मागाहून निलगिरी, आणि सर्वांत शेवटी धुपासारखे काही. नाकाला लागणारे हे सारे उडून जाणाऱ्या तेलाचे आहे, आणि चहा करण्याची सारी कसोटी ते तेल उडू न देण्यात आहे.

आमच्या मुलखाची वहिवाट याच्या नेमकी उलट. काकूंच्या सासूबाई उदगीरच्या. त्यांचे लग्न झाले तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्याच्या दप्तरात होते, 1956 च्या राज्यपुनर्रचनेने ती दोन गावे दोन राज्यांत टाकली. सर्दीपडशाला त्या करीत तो काढा, म्हणजे गवती चहा, आले, मिरी, तुळस आणि गूळ यांचे मिश्रण, निम्मे आटेपर्यंत चुलीवर खदखदत असे. मुळे आणि साली यांचा अर्क काढायचा तर तो शिरस्ता योग्यच. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेतो आटविण्याचा विधी आहे. मात्र त्याच ग्रंथात फांटाची कृती वेगळी सांगितली आहे, ती अशी की चुरलेल्या द्रव्यावर चौपट उष्ण जल घालावे आणि मग गाळून घ्यावे. रोझमेरीचे पाणी फिकट ठेवतात, म्हणून प्रमाण निराळे. परंतु पद्धत फांटाचीच.

काकू डहाळी शेंड्याकडून धरतात आणि दुसऱ्या हाताची चिमटी बुडाकडे ओढतात. पाने एका झटक्यात सुटून ताटलीत पडतात. वाळवलेली असतील तर एका पेल्याला सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे एक-दोन ग्रॅम, पुरतात. दीडशे मिलिलिटर पाण्याला खळखळून उकळी आली की ज्योत बंद होते, बुडबुडे शमतात, पाने पडतात आणि त्याच क्षणी पातेल्यावर झाकण बसते. आत डोकावण्याची माझी घाई पाहून त्या म्हणाल्या, "थांब की रे, वास सगळा घरभर गेला तर पेल्यात काय राहील?" दहा मिनिटांनी झाकण उचलताना त्यांनी ते तिरके धरले, आणि त्याच्या आतल्या अंगाला जमलेले टपोरे थेंब पुन्हा पातेल्यात निथळू दिले, या थेंबांतच सुगंधाचा उडू पाहणारा अंश असतो, आणि माझ्या मते सबंध कृतीत शहाणपणाची जागा हीच एक. गाळलेले पाणी फिकट पिवळसर, किंचित हिरवट दिसते. चव तुरट, मागाहून कडवट. दूध घालावे का, असा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. काकू उत्तरादाखल लिंबाची फोड पुढे करतात.

गुणांविषयी लोक फार सैलपणे बोलतात, तेव्हा हिशेब चोख ठेवलेला बरा. युरोपीय औषध संस्थेने या पानांचा चहा अपचन आणि पोटातील सौम्य मुरडा यांसाठी मान्य केला आहे, पण तो दीर्घ परंपरेच्या आधारावर, प्रयोगसिद्ध औषध म्हणून नव्हे. स्मरणशक्तीची जी वार्ता सर्वत्र ऐकू येते, तिचा एक धागा नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस यांनी केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाकडे जातो: वीस माणसांना रोझमेरीच्या तेलाने सुगंधित केलेल्या खोलीत बसविले असता, रक्तात सिनिओल या घटकाचे प्रमाण ज्यांच्यात अधिक आढळले त्यांची आकडेमोड सरस ठरली. हा हुंगण्याचा परिणाम, पिण्याचा नव्हे, आणि माणसे अवघी वीस. तेल खवट होऊ न देणारा कार्नोसिक आम्ल हा पदार्थ या पानांत भरपूर असतो, त्याचे अर्क युरोपात ई-392 या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरले जातात. परंतु तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे त्याच्या नावे सांगितले जाणारे पराक्रम पेल्याच्या खाती जमा करण्यात अर्थ नाही. पाण्यात उतरते ते मुख्यतः रोझमेरिनिक आम्ल, जे आपल्या तुळशीतही असते, आणि थोडे तेल. जेवणानंतर जडावलेल्या पोटाला कडवट उष्ण पेय बरे वाटते, एवढा अनुभव मात्र माझाही आहे.

पण हा चहा जेवणावर लगेच घेऊ नये, कारण यातील तुरट द्रव्ये भाजी-डाळीतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतात. तासा-दीड तासाची मुदत ठेवावी. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. झटक्यांचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी या पानांच्या वाटेला जाऊ नये. सध्या काकूंची सून माहेरपणाहून परतली आहे, सातवा महिना चालू आहे; तिच्यासाठी शेगडीच्या दुसऱ्या बर्नरवर वेगळे पातेले चढते, त्यात थोडे आले आणि गूळ असतो, आणि ते मात्र उघडेच खुशाल उकळते.