चित्रे काढणारे यंत्र आणि प्राथमिक शाळेचा फळा

चित्र आणि बालशिक्षण यांचे नाते जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व पुढे कोसबाडला जे बालशिक्षणाचे कार्य केले, त्यात मुलांच्या अवतीभवतीच्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचा मान मिळाला. आज मात्र साधन शोधायला अंगणातही उतरावे लागत नाही. मोबाइलवर एक वाक्य लिहावे, की अर्ध्या मिनिटात चित्र हजर! तेही फुकट. या फुकटाचे मोल काय, हे मला गेल्या पावसाळ्यात रोह्याकडच्या एका शाळेत कळले. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माझी मावशी कुंडलिकेच्या खाडीकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. सुटी लागली की मी पेणहून एस.टी.ने नागोठणेमार्गे तिच्याकडे जाते. ‘परिसर अभ्यासा’च्या तासाला तिला खारजमिनीतील शेती शिकवायची होती. मी मोठ्या ऐटीत म्हटले, “मावशी, चित्रे मी काढून देते.”

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते पाहू. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या प्रकारात यंत्राला असंख्य चित्रे आणि त्यांच्या सोबतचा मजकूर पुरवतात. प्रत्येक चित्रावर थोडी थोडी धूळ टाकत जावी, शेवटी नुसते ठिपके उरावेत, आणि कोणत्या पायरीला किती धूळ पडली हे ओळखायला यंत्राने शिकावे, अशी ही युक्ती आहे. तिला ‘डिफ्यूजन’ म्हणतात. एकदा शिकल्यावर यंत्र नुसत्या ठिपक्यांपासून सुरुवात करते आणि आपल्या वाक्याच्या अनुरोधाने धूळ पुसत पुसत नवे चित्र घडवते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ सर्वांसाठी खुले झाले, आणि ही विद्या घरोघरी पोचली.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. यंत्र काही पाहून काढत नाही. त्या शब्दांबरोबर ज्या प्रकारची चित्रे त्याने अधिक पाहिली, त्या वळणाचे चित्र ते देते. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या शिक्षणाला ज्या संग्रहातील चित्रे वापरली, त्या ‘लायन-५बी’मध्ये ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी एकट्या इंग्रजीच्या, तर जगातील इतर शंभराहून अधिक भाषांना मिळून सुमारे २२६ कोटी. मग आमच्या खाडीकाठच्या शब्दांचा वाटा किती असणार?

तो वर्गातच कळला. खारबंदिस्तीच्या बांधाला ‘उघाडी’ असते. भरती आली की समुद्राच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला शेतातल्या पावसाच्या पाण्याने ती बाहेर उघडते. खारे पाणी आत येत नाही, गोडे पाणी तुंबत नाही. साऱ्या गावाचे भात तिच्यावर अवलंबून. मी यंत्राला “खाडीच्या बांधावरची उघाडी” असे सांगितले. त्याने हिरव्यागार शेतात एका वाड्याचा नक्षीदार दरवाजा उघडा ठेवला! वर्ग खदखदून हसला, मीही हसले.

पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसत नव्हती. तिने वहीत आधीच उघाडी काढली होती, झडपेसकट, अगदी बरोबर. ती रबराने झडप खोडत होती. मावशीने विचारले, “अगं, का खोडतेस?” ती म्हणाली, “बाई, टीव्हीवर दरवाजा आहे ना, माझंच चुकलं असेल.”

मावशी क्षणभर काही बोलली नाही. मग तिने टीव्ही बंद केला आणि सगळ्या वर्गाला बांधावर नेले. त्या मुलीनेच पुढे होऊन झडप दाखवली. परत आल्यावर मावशीने तेच यंत्राचे चित्र पुन्हा लावले आणि फळ्यावर लिहिले, “यात काय काय चुकले?” मुलांनी अकरा चुका काढल्या. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

त्या रात्री आम्ही दोघींनी काही नियम ठरवले. शिक्षक-मित्रांना ते उपयोगी पडावेत. पहिला, चित्र आधी मुलांनी काढायचे, यंत्राने मागाहून. दुसरा, यंत्राशी व्यवहार शिक्षकाने करायचा. अशा अनेक सेवांची वयोमर्यादा तेराच्या पुढे असते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार तर अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. म्हणून मुलांचे फोटो वा नावे यंत्राला देऊ नयेत. तिसरा, ज्याचे खरे छायाचित्र मिळते त्याचे चित्र यंत्राकडून करवू नये. आमच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांची छायाचित्रे उपलब्ध असता यंत्राचे विनोबा मुलांना कशाला दाखवायचे? चौथा, चित्रातील मराठी अक्षरे, विशेषतः जोडाक्षरे, तपासल्याशिवाय भिंतीवर लावू नयेत. मात्र बोलणारा कासव, ढगातील शाळा, मुलांनीच रचलेल्या गोष्टीतला राक्षस, अशा कल्पनेच्या प्रांतात यंत्राला खुशाल मोकळे सोडावे. तेथे ते मौज आणते आणि गरीब शाळेचा खर्चही वाचवते.

आम्हा पेणकरांना साचा आणि आखणी यांतील भेद सांगावा लागत नाही. साच्यातून शेकडो गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी कारागीर हाताने करतो, आणि ती होईपर्यंत मूर्ती पाहत नाही. यंत्राने साचा जरूर द्यावा. आखणी शिक्षकाने आणि मुलांनी करावी.

त्या मुलीने झडप पुन्हा काढली. यावेळी पेन्सिलीने नव्हे, पेनाने.