जुन्या गाडीचं अलॉय व्हील: ओरखडा चालेल, वाक तपासावा लागेल, तडा मात्र चालणार नाही

पावसाळा संपत आला की टायरवाल्यांच्या दुकानात गर्दी वाढते. कुणाच्या टायरची हवा दर चार दिवसांनी कमी होते, कुणाचं स्टीअरिंग ८० च्या पुढे थरथरायला लागतं, तर कुणाचं चाक फूटपाथला घासून खरवडलेलं असतं. गाडी आठ-दहा वर्षं जुनी आणि अलॉय व्हीलची असेल, तर या तिन्ही तक्रारी एकाच गाडीत असू शकतात.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं नवीन सेट टाका, कुणी म्हणतं वेल्डिंग मारून घ्या, काही होत नाही. यातलं कोणतं ऐकायचं, हे चाकाला नेमकं काय झालंय त्यावर ठरतं.

मुळात अलॉय व्हील म्हणजे काय?

अलॉय म्हणजे मिश्रधातू. कारच्या अलॉय व्हीलमध्ये बहुतांश ॲल्युमिनियम असतं आणि त्यात सिलिकॉन व थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. आपल्याकडे अजूनही काही जण याला मॅगव्हील म्हणतात. पूर्वी रेसिंगच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असायची, त्यावरून हे नाव पडलं.

साच्यात ओतल्यानंतर या चाकांवर सहसा उष्णतेची प्रक्रिया होते. आधी सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात, मग कमी तापमानावर काही तास ठेवतात. चाकाची बरीचशी ताकद या प्रक्रियेतून येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, वेल्डिंगचा विषय येईल तेव्हा तिचं काम पडेल.

स्टीलचं रिम खड्ड्यात आपटलं तर बहुतेक वेळा वाकतं. ओतीव अलॉय कडक असतं. तेही वाकतं, पण जोराचा दणका बसला तर त्याला तडा जाऊ शकतो.

ओरखडा: घरीही जमेल

कडेवरचे वरवरचे ओरखडे दिसायला वाईट असतात, पण धोकादायक नसतात. चाक धुऊन कोरडं करा, टायरला मास्किंग टेप लावा. आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करा. गरज असेल तिथे पुट्टी भरा. मग प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट, प्रत्येकाचे पातळ हात द्या.

यात एक पथ्य पाळायचं. नट जिथे बसतात त्या खाचांमध्ये आणि चाक हबला टेकतं त्या मागच्या भागावर रंग जाऊ द्यायचा नाही. तिथला रंगाचा थर दाबाखाली बसतो आणि नट सैल पडू शकतात.

समोरून चकचकीत मशीन फिनिश असलेल्या, म्हणजे डायमंड कट चाकांची गोष्ट वेगळी. ती लेथवर फिरवून पुन्हा कापावी लागतात. दर वेळी थोडा धातू निघून जातो, त्यामुळे हे काम किती वेळा करता येईल यालाही मर्यादा असते.

वाक: आधी बघा, मग दुरुस्त करा

बॅलन्सिंग करूनही स्टीअरिंगची थरथर जात नसेल तर चाक वाकलेलं असू शकतं. टायरवाल्याला चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि आतल्या कडेकडे लक्ष ठेवा. रिम लचकत फिरताना डोळ्यांना दिसतं. दणका बऱ्याचदा आतल्या कडेलाच बसतो, म्हणून बाहेरून चाक धडधाकट दिसतं.

कडेचा किरकोळ वाक हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करता येतो. पण कारागीर गॅसच्या ज्योतीने चाक अंदाजाने तापवून हातोडा मारणार असेल, तर काम देऊ नका. जास्त तापलं की कारखान्यात दिलेली ताकद त्या भागातून निघून जाते. मधल्या दांड्या म्हणजे स्पोक वाकले असतील, तर चाक बदलणंच योग्य. सरळ केल्यावर तिथे बारीक तडा गेलेला नाही ना, हेही तपासून घ्यायचं.

तडा: इथे पैसे वाचवू नका

तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून मिळतं आणि ते नव्यापेक्षा स्वस्तही पडतं. अडचण अशी, की वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा धातू नरम पडतो. चाकावर प्रत्येक फेरीला ताण येतो आणि जातो. अशा ठिकाणी तडा पुन्हा वाढू शकतो, आणि तो वाढतोय हे आत बसलेल्या माणसाला कळत नाही. स्पोकला, नटांच्या भोकांजवळ किंवा मध्यभागी तडा असेल तर ते चाक भंगारात द्या.

एकच चाक बदलायचं असेल तर फक्त इंचाचं माप जुळून भागत नाही. रुंदी, नटांच्या भोकांची संख्या व अंतर (पीसीडी), ऑफसेट आणि मधल्या भोकाचं माप, हे सगळं जुळायला हवं. भारतात कारच्या चाकांसाठी आयएस ९४३६ हे मानक आहे. नवीन चाक घेताना आयएसआय मार्क आहे का, ते बघा.

पंक्चर नाही, तरी हवा जाते?

जुन्या अलॉयमध्ये हे हमखास होतं. टायर रिमच्या ज्या कडेवर घट्ट बसतो, तिथे ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. ट्यूबलेस टायरची हवा तिथून हळूहळू निसटते. कोकणपट्टीत, समुद्राच्या खाऱ्या हवेत हा त्रास जास्त. टायर काढून ती कड ब्रशने साफ करून घेतली आणि जुना व्हॉल्व्ह बदलला की बऱ्याचदा काम होतं. साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे रिमच्या मधूनच येत असतील तर तडा शोधा.

रोजची काळजी

ब्रेकची काळी भुकटी चाकावर साचू देऊ नका, ती क्लिअर कोटला चिकटून बसते. चाक गार असताना साध्या कार शाम्पूने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिडवालं क्लीनर झटपट चमक देतं, पण कोट खराब करतं. कोट फाटला की पाणी आत शिरतं आणि रंगाखाली पांढऱ्या रेषा पसरायला लागतात.

दर पंधरा दिवसांनी हवा तपासा. हवा कमी असली की खड्ड्यातला दणका थेट रिमला बसतो. जुन्या गाडीला मोठ्या इंचाची चाकं आणि पातळ टायर लावले, तरी तोच प्रकार होतो.

चाक परत बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या. साधारण १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. स्टेपनी स्टीलची असेल तर तिला हेच नट चालतात का, हे आजच बघून ठेवा. रात्री हायवेवर ते शोधत बसायला नको.

आणि सेकंडहँड गाडी बघताना नव्याने रंगवलेली चाकं दिसली, तर भाव ठरवण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून चाकांची आतली बाजू बघा. रंग काढणारा सहसा समोरूनच रंग काढतो. वेल्डिंगचा सांधा असेल, तर तो मागे सापडेल.