सतरा वर्षांचे चरित्र

चरित्र माणसाच्या माघारी लिहायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत. माणूस गेला, वर्षश्राद्ध झाले, की कुणीतरी कागदपत्रे गोळा करून बसायचे. कोशात नाव येणे म्हणजे तर आयुष्याच्या हिशेबावर शेवटची सही होणे. साताऱ्याहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. नोंदीच्या आरंभी कंसात जन्म आणि मृत्यू यांच्या तारखा. वाचणाऱ्याला कळायचे, की हा माणूस आता बदलणार नाही; याच्याविषयी लिहिलेले टिकेल.

५ ऑगस्ट २०२३ रोजी ही रीत साताऱ्यापुरती तरी मोडीत निघाली. त्या दिवशी बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम फेरीत अदिती गोपीचंद स्वामी या साताऱ्याच्या मुलीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला १४९ विरुद्ध १४७ असे हरवले. प्रकार कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याचा. पन्नास मीटरवर लक्ष्य, आणि दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचे, बेताच्या पुरीएवढे. पंधरा बाणांत जास्तीत जास्त दीडशे गुण मिळतात. तिचा एकच गुण गेला. जन्म १५ जून २००६ चा. नुकतीच सतरा पूर्ण झालेली मुलगी जगज्जेती झाली होती, आणि लोकांना तिचे चरित्र त्याच संध्याकाळी हवे होते.

असे चरित्र आता विकिपीडियावर लिहिले जाते. हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी आवृत्ती २००३ सालच्या महाराष्ट्रदिनी आली. त्याला पगारी संपादक नाहीत. कुणीही वाचक ‘संपादन’ या शब्दावर बोट ठेवून मजकुरात भर घालू शकतो वा दुरुस्ती करू शकतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा एक तास मी या कामाला देतो, आणि माझ्या वाट्याला अधिक करून सातारा-सांगलीकडचे खेळाडू येतात. अदितीच्या चरित्रालाही मी हात लावला. वरवर पाहता हे पाच-सात वाक्यांचे काम. प्रत्यक्षात त्यातले प्रत्येक वाक्य माणसाला थांबवते.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की व्हाउचरशिवाय खात्यात नोंद करायची नाही. गिऱ्हाईक ओळखीचे असो, गावचा सरपंच असो, कागद हवा. दुसरी गोष्ट म्हणजे खाडाखोड करायची नाही. चुकीची नोंद पुसत नाहीत. उलट नोंद करून ती दुरुस्त करतात, म्हणजे काय चुकले आणि कुणी सुधारले हे दोन्ही वहीत राहते. विकिपीडियाचे नियम वाचताना मला नव्याने काही शिकावे लागले नाही. तिथेही विधानाला छापील आधार लागतो आणि प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या खुणेसह व वेळेसह, ‘इतिहास’ या पानावर जपून ठेवला जातो.

आपल्या गावांत हे पटवून देणे कठीण. फिरायला जाताना भेटणारे एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘अहो साहेब, मी सांगतोय ना! पोरीला लहानपणापासून बघितलंय. आता आणखी पुरावा कसला मागताय?’’ मी त्यांना म्हटले, ‘‘काका, तुमचं खरंच असेल. पण वाचणारा असतो नागपूरला. त्यानं तुम्हाला कुठं शोधायचं?’’ ते हसले, पण त्यांना ते आवडले नाही. ज्ञानकोशात आठवणीला किंमत नाही असे नव्हे; आठवण आधी कुठेतरी छापली जावी लागते, एवढेच.

पुराव्याची खरी कसोटी लागते ती ‘पहिला’ आणि ‘पहिली’ या शब्दांपाशी. अदितीने भारताला तिरंदाजीतले पहिले जागतिक सुवर्णपदक मिळवून दिले, असे सर्रास बोलले जाते. ते अर्धे खरे आहे. आदल्याच दिवशी, ४ ऑगस्टला, ज्योती सुरेखा वेन्नम, परणीत कौर आणि अदिती या तिघींच्या संघाने सुवर्णपदक जिंकले होते; भारताचे पहिले ते. अदितीचे पहिले वैयक्तिक. शिवाय त्याच ५ ऑगस्टला ओजस देवतळे हा नागपूरचा तरुण पुरुषांमध्ये जगज्जेता झाला, आणि तोही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याच हाताखाली तयार झालेला. एकाच प्रशिक्षकाचे दोन शिष्य एकाच दिवशी जगात पहिले! ‘पहिली’ हा एक शब्द सैल सोडला, तर दोन सहकारी मुलींचे पदक पुसले जाते. विशेषण जपून वापरावे ते नम्रतेपोटी नव्हे, दुसऱ्याचे देणे बुडू नये म्हणून.

याच जिल्ह्यात या शब्दाचा आणखी मोठा दाखला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांना ‘ऑलिंपिक पदक मिळवणारा पहिला भारतीय’ म्हटले, की कुणीतरी नॉर्मन प्रिचर्ड यांचे नाव पुढे करतो. त्यांनी १९०० साली पॅरिसला धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती, ब्रिटिश अमदानीत. म्हणून खाशाबांच्या नावापुढे ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे लिहावे लागते. शब्द वाढतात, पण मान तसूभरही कमी होत नाही. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले, यातच सारे आले.

जन्मगाव, काळ आणि आदर

जन्मस्थळ हा गावकीचा विषय. स्मृती मानधना सांगलीची, हे सांगलीत कुणालाही विचारा. ती माधवनगरला वाढली, तिथेच तिने बॅट धरली. पण जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईचा. चौकटीत ‘जन्मस्थान : मुंबई’ असे लिहिताना सांगलीत काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याचा हात जड होतो. उलट विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. पण त्यांची कारकीर्द बहरली ती बडोद्याकडून खेळताना. बडोदेकरांनी त्यांना आपले म्हणावे आणि सांगलीकरांनीही म्हणावे. कोशाने दोघांचे समाधान करायचे तर उपाय एकच : जन्म जिथला तिथला लिहा आणि घडण जिथली तिथली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या स्पर्धेत स्मृतीच्या ४३४ धावा होत्या. जन्मदाखल्यामुळे सांगलीचा आनंद काही उणा झाला नाही.

काळाचेही तसेच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ दिली, तो राष्ट्रीय विक्रम होता. ‘विक्रम तिच्या नावावर आहे’ असे त्या वर्षी लिहिलेले वाक्य पारुल चौधरीने २०२३ साली बुडापेस्टला ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत शर्यत पूर्ण केली, त्या क्षणी खोटे झाले. खेळाडूच्या चरित्रात ‘आहे’ हे क्रियापद नाशवंत. ‘२०१६ साली केला’ हे मात्र कायमचे. तरुण माणसाविषयी लिहिताना प्रत्येक वाक्याला साल बांधून ठेवावे लागते, बैलाला दावे बांधतात तसे.

आणि मराठीची म्हणून एक खास अडचण आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला स्वप्नातही पडणार नाही. सतरा वर्षांच्या जगज्जेतीला ‘ती’ म्हणायचे की ‘त्या’? खाशाबांना आपण ‘त्यांनी’ म्हणतो. मुलीला मात्र सहजच ‘तिने’ म्हणतो, त्यात माया असते. तिच्याच वयाच्या मुलाला ‘त्याने’. पण हे चरित्र ती तिशीची, पन्नाशीची होईल तेव्हाही वाचले जाणार. मी कोशात ‘त्यांनी’ लिहितो. या लेखात ‘ती’ म्हणतो आहे, कारण रविवारची गप्पा वेगळी आणि वहीतली नोंद वेगळी.

जिवंत माणसाचे पान

हे सारे कीस काढणे कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर म्हणून एका गोलंदाजाची गोष्ट सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना रंगात आला होता. अठराव्या षटकात आसिफ अलीचा सोपा झेल अर्शदीप सिंगच्या हातून सुटला. सामना भारताने गमावला. अर्शदीप तेव्हा तेवीस वर्षांचा. रात्रीच कुणीतरी विकिपीडियावरच्या त्याच्या इंग्रजी चरित्रात शिरून भारताच्या जागी ‘खलिस्तान’ असे घातले. इतर स्वयंसेवकांनी थोड्याच वेळात ते काढून टाकले; पण तोवर त्या पानाची छायाचित्रे मोबाइलवरून गावोगाव फिरली होती. प्रकरण केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयापर्यंत गेले. एक झेल सुटला, आणि पोराच्या देशनिष्ठेवर शिक्का मारायचा प्रयत्न झाला, तोही ज्ञानकोशाच्या नावाने. त्याच अर्शदीपने २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात सतरा बळी घेतले आणि भारत जिंकला.

त्याचे पान चटकन दुरुस्त झाले, कारण हजारो डोळे त्यावर होते. अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेन्थालर यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. २००५ साली त्यांच्या चरित्रात कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडला, आणि ते असत्य सुमारे चार महिने तसेच राहिले. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी विकिपीडियाने नियम कडक केले : वादग्रस्त मजकुराला भक्कम आधार नसेल, तर चर्चेची वाट न पाहता तो काढून टाकायचा. मराठीत राखण करणारे हात मोजके. म्हणून आपल्याकडच्या मुलामुलींची पाने दिवसातून एकदा तरी कुणी पाहावीत, असे मला वाटते.

धोका शिव्यांचाच असतो असेही नाही, कौतुकाचाही असतो. उसाच्या रानात तयार केलेल्या मैदानावर सराव करणारी मुलगी हे चित्र वर्तमानपत्रांना भावले, आणि त्यात खोटे काही नाही. पण मी कादंबरीकार आहे. असे चित्र हाती आले की पुढे काय होते ते मला माहीत आहे. उसाच्या पात्यांची सळसळ येते, मग आईचे डोळे भरून येतात, मग बापाचे कर्ज येते. कादंबरीत हे मी बिनदिक्कत लिहीन, कारण तिथली मुलगी माझी असते. इथली मुलगी स्वतःची आहे. घरात कुणी किती कर्ज काढले, कोण रडले, कोण रुसले, हे तिचे आणि तिच्या घरचे. आपण गुण लिहावेत, तारखा लिहाव्यात, प्रशिक्षकांचे नाव लिहावे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतले सांघिक सुवर्ण, वैयक्तिक कांस्य आणि २०२३ सालचा अर्जुन पुरस्कार लिहावा. उरलेले तिला पुढेमागे सांगावेसे वाटले, तर ती आत्मचरित्र लिहील.

मग एवढ्या कोरड्या नोंदीचा उपयोग काय? उपयोग कळतो तो नोंद नसली म्हणजे. खाशाबांच्या हेलसिंकीतल्या कुस्त्या कुणाशी झाल्या, हे परदेशी दप्तरांत नीट सापडते : जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी ते हरले, त्यांतल्या एकाने सुवर्ण आणि दुसऱ्याने रौप्य नेले. पण त्यांच्या परतीची मिरवणूक, शंभरावर बैलगाड्या, प्रवासखर्चासाठी लोकांनी केलेली मदत, यांतले बरेच आपण ‘सांगतात’ असे म्हणूनच सांगतो. १९८४ साली ते अपघातात गेले, तोवर त्यांच्याकडे बसून सविस्तर टिपून घ्यायची सवड फार थोड्यांना झाली. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. नोंद वेळेवर झाली असती तर सरकारला आधी जाग आली असती, असा दावा मी करणार नाही. पण विसरणे इतके सोपे तरी गेले नसते.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या तालुक्यातला एक खेळाडू निवडा. आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्यपदक मिळवले, ते तर मोठे नाव झाले. पण जिल्हा पातळीवर धावलेली, राज्याच्या संघात खो-खो खेळलेली मुलेही आहेत; त्यांची कात्रणे घरोघरी कपाटात पिवळी पडत आहेत. त्या प्रत्येकाला ज्ञानकोशात जागा मिळेलच असे नाही, तसे नियमही आहेत. तरी कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख पेनाने लिहून ठेवा. उद्या कुणी व्हाउचर मागितले, तर ते घरातच निघाले पाहिजे.