चित्रपटांची गुणपत्रिका

आमच्या घरीं नुकताच एक लहानसा प्रसंग घडला. सुटीचा दिवस होता. घरांतील लहानथोर आठ माणसांनीं मिळून चित्रपट पाहावयास जावें असा बेत ठरला होता. सूनबाईंनीं स्वयंपाक लवकर आटोपला, आमच्या वहिनींनीं ठेवणींतलें पातळ काढलें, इतक्यांत नातवानें हातांतल्या फोनकडे पाहून जाहीर केलें, "आजोबा, याला दोनच तारे आहेत. जाण्यांत कांहीं अर्थ नाहीं." झालें! बेत मोडला. ते तारे कोणीं दिले, कां दिले, चित्रपट विनोदी कीं गंभीर, हें कोणींच विचारलें नाहीं. वहिनी मात्र पातळाची घडी घालतांना एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे पेपर न वाचतांच नापास केला म्हणायचा!"

आमचें सारें आयुष्य मुलांचे पेपर तपासण्यांत गेलेलें. त्यामुळें तें वाक्य आमच्या मनास लागून राहिलें. परीक्षकाच्या अंकावर विद्यार्थ्याचें भवितव्य जसें ठरतें, तसें समीक्षकाच्या ताऱ्यांवर आतां चित्रपटाचें, आणि कित्येकदां एखाद्या कुटुंबाच्या संध्याकाळचेंही ठरूं लागलें आहे. म्हणून हे अंक पडतात तरी कसे, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

ताऱ्यांची ही चाल परदेशची आहे. 'न्यूयॉर्क डेली न्यूज' या पत्रांत आयरीन थायरर या समीक्षिकेनें १९२८ सालीं शून्यापासून तीनापर्यंत तारे देण्यास आरंभ केला. पहिल्याच चित्रपटाच्या पदरीं एक तारा पडला. पुढें तीनाचे चार झाले, चाराचे पांच झाले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं पांचांचीच पद्धत रूढ आहे. आपल्या जुन्या समीक्षेचें बळ मात्र अंकांत नसून वाणींत होतें. बाबूराव पटेल यांनीं १९३५ सालीं मुंबईंत 'फिल्मइंडिया' हें मासिक काढलें. त्यांच्या तिखट लेखणीची मोठमोठे निर्माते धास्ती बाळगीत. 'बाँबे क्रॉनिकल'मधून चित्रपटांवर लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास पुढें स्वतःच दिग्दर्शक झाले. मराठींत अरुण खोपकर यांनीं गुरुदत्त यांच्या तीन चित्रपटांवर 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हा सबंध ग्रंथ लिहिला, व त्यास राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. अशा लेखकांशीं वाचकाचा मतभेद होई, प्रसंगीं भांडण होई. पण तें भांडण चित्रपटाविषयीं असे. नुसत्या अंकाशीं काय भांडावें?

आतां समीक्षकाची बाजूही पाहिली पाहिजे. चित्रपट बहुधा शुक्रवारीं लागतो. समीक्षक तो एकदांच पाहतो आणि त्याच दिवशीं अभिप्राय लिहून मोकळा होतो. कथा, पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण, संकलन, संगीत, ध्वनि एवढीं अंगें त्यानें तोलावयाचीं आणि शेवटीं तें सारें एका आंकड्यांत बसवावयाचें! एखाद्यांत अभिनय उत्तम पण कथा पोकळ, तर दुसऱ्यांत कथा सकस पण उत्तरार्ध रेंगाळलेला. दोघांनाही तीनच तारे मिळतात आणि वाचकास दोन्ही सारखेच वाटतात. मन निश्चित होत नसलें म्हणजे आम्ही मास्तर मंडळी पस्तीस गुणांचा आश्रय करीत असूं. समीक्षकांच्या तीन ताऱ्यांतही तोच उदारपणा आम्हांस अनेकदां दिसतो.

त्याहून अवघड प्रश्न प्रकारभेदाचा. विनोदी खेळ, भयकथा, युद्धपट, संतचरित्र आणि मुलांचा चित्रपट हे एकाच फूटपट्टीनें कसे मोजावे? शिकागोचे प्रसिद्ध समीक्षक रॉजर इबर्ट यांनीं २००४ सालीं 'शाओलिन सॉकर' या हाँगकाँगच्या धमाल चित्रपटाचें परीक्षण करतांना आपलें गमक स्पष्ट केलें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, तारे हे निरपेक्ष नसून सापेक्ष असतात. अचाट पराक्रमाच्या चित्रपटाची तुलना त्याच जातकुळीच्या चित्रपटाशीं करावी, गंभीर शोककथेशीं नव्हे. गणितांतले साठ गुण आणि संस्कृतांतले साठ गुण यांची किंमत एक नसते, हें ज्या घरांत मुलें शिकतात त्या घरास हें निराळें सांगावयास नको. म्हणून विनोदी चित्रपटाचे चार तारे आणि शोककथेचे चार तारे शेजारीं मांडून मोठा कोण हें विचारणें व्यर्थ आहे.

ही दृष्टि आपल्याकडे फार प्राचीन काळीं होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयीं आहे. त्यांत तरुण, विदग्ध, शूर, विरक्त आणि वृद्ध यांचीं मनें निरनिराळ्या विषयांत कशीं रमतात हें सांगितलें आहे. शूरांस वीररौद्र आवडतो, वृद्धांस धर्माख्यानें. परीक्षणासाठीं जे प्राश्निक नेमावयाचे तेही एकाच विद्येचे नव्हेत : यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. ज्याचें जें क्षेत्र त्यानें तेवढ्यापुरतेंच बोलावें. गुणदोषांची नोंद ठेवण्यास लेखक आणि गणक असावेत अशीही योजना आहे. म्हणजे अंकांची मोजदाद भरतालाही वर्ज्य नव्हती. मात्र धनुर्धरानें स्वरांचे गुण द्यावेत असें त्यानें कोठेंही म्हटलेलें नाहीं.

त्याच अध्यायांत प्रयोगावर येणारे घातही सांगितले आहेत. त्यांतला एक प्रकार शत्रूंनीं घडवून आणलेला : मुद्दाम आरडाओरड करणें, शेण, ढेंकळें, मुंग्या फेंकणें. आज शेणाची जागा फोननें घेतली आहे, एवढाच फरक. चित्रपट न पाहतांच हजारों लोक संगनमतानें शून्य किंवा दहा गुण देऊं शकतात. हा उपद्रव इतका वाढला कीं, केरळ उच्च न्यायालयापुढें तो विषय गेला, आणि न्यायालयास साहाय्य करणाऱ्या वकिलांच्या २०२४ सालच्या अहवालांत पहिले ४८ तास समीक्षा प्रसृत करूं नये अशी सूचना करण्यांत आली.

शेंकडेवारीचा घोळ आणखी निराळा. १९९८ सालीं निघालेल्या 'रॉटन टोमॅटोज' या अमेरिकन संकेतस्थळाची टक्केवारी घरोघरच्या तरुणांच्या तोंडीं असते. तो आंकडा चित्रपट किती चांगला हें सांगत नाहीं. समीक्षकांपैकीं शेंकडा किती जणांचें मत अनुकूल पडलें, एवढेंच सांगतो. समजा, दहा समीक्षकांनीं एका चित्रपटास "बरा आहे" म्हटलें, तर त्यास शंभर टक्के मिळतात. दुसऱ्यास सात जणांनीं अपूर्व म्हटलें आणि तिघांनीं नाकारलें, तर त्यास सत्तरच. आतां यांतील थोर कोणता? 'मेटाक्रिटिक' हें दुसरें संकेतस्थळ गुणांची सरासरी काढतें, पण तेंही कांहीं समीक्षकांच्या मतास अधिक वजन देतें. आंकडा वाचण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें विचारावें, हा अंकगणिताचा पहिला धडा येथेंही लागू आहे.

बरें, समीक्षक आणि लोक यांचें मत तरी जुळतें काय? 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लागला, तेव्हां बहुतेक समीक्षकांनीं त्याचें थंडपणेंच स्वागत केलें. आणि तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत पांच वर्षांहून अधिक काळ चालला. याच्या उलट उदाहरण आमच्या नागपुरासच घडलें. येथील विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनीं २००१ सालापासून झोपडपट्टींतील मुलांस फुटबॉल शिकविण्याचें जें कार्य आरंभिलें, त्यावर नागराज मंजुळे यांनीं 'झुंड' हा हिंदी चित्रपट काढला. अमिताभ बच्चन यांच्याबरोबर नागपूरच्याच वस्त्यांतील मुलांनीं त्यांत कामें केलीं. मार्च २०२२ मध्यें तो प्रदर्शित झाला. लांबीबद्दल कुरकुर झाली, तरी बहुतेक समीक्षकांनीं तो वाखाणला. तिकिटांच्या खिडकीवर मात्र अपेक्षित गर्दी झाली नाहीं.

आमच्या परिचयाच्या घरांतूनही तो फारसा पाहिला गेला नाहीं. "ती भाषा मुलांच्या कानांवर नको," असें एका सुविद्य गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें. आम्ही मात्र तो पाहिला, आणि पडद्यावरचीं तीं मुलें बोलूं लागतांच आम्हांस एक जुनी वही आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. नववीच्या वर्गास 'माझी आई' हा निबंध घातला होता. एका मुलानें आपली आई पहांटे कामावर जातांना काय बोलते, तें तिच्याच वऱ्हाडी बोलींत जसेंच्या तसें लिहिलें होतें. आम्हीं लाल शाईनें सर्व शब्द शुद्ध केले, समासांत 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारला आणि दहांपैकीं तीन गुण दिले. पुढच्या निबंधांत त्या मुलानें मार्गदर्शकांतून उतरविलेलीं शुद्ध, गुळगुळीत वाक्यें आणून दिलीं. आम्हीं संतोषानें सात गुण दिले. त्या तिनाबद्दल आम्हांस खंत वाटते, पण त्या सातांबद्दल लाज वाटते. वैयाकरणाच्या आसनावर बसून आम्हीं सगळ्याच प्राश्निकांचा निकाल एकट्यानें लावला होता. त्यानंतर त्या मुलानें वर्गांत आईविषयीं पुन्हां कधीं लिहिलें नाहीं.

तेव्हां समीक्षा वाचूंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. चांगला समीक्षक आपली नजर तीक्ष्ण करतो, वेळ आणि पैसा वांचवितो, एरव्हीं न दिसणारें दाखवितो. परंतु तारे पाहण्याआधीं घरांत तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी : चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे? लिहिणाराची त्या प्रकारांत गति आहे काय? आणि त्यानें मतामागें कारण दिलें आहे काय? एकाच समीक्षकाचें लेखन वर्षभर वाचलें, तर त्याची रुचि कळते. मग त्याचे दोन तारे आपले चार असूं शकतात, हेंही कळतें.

पुढच्या रविवारीं आम्ही सर्वांनीं तोच दोन ताऱ्यांचा चित्रपट पाहिला. नातवाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें; उत्तरार्ध पुष्कळच लांबला होता. पण वहिनी दोनदां डोळ्यांत पाणी येईतों हंसल्या, धाकटी नात शेवटपर्यंत जागी राहिली, आणि घरीं परतल्यावर नायकाच्या बापानें मुलास क्षमा करावयास हवी होती कीं नको, यावर रात्रीं अकरा वाजेपर्यंत वाद चालला. नातू म्हणाला, "आजोबा, मी आतां अडीच देतों." आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें, "दे, पण कारणांसह लिहून दे." तो कागद आम्हीं जपून ठेवला आहे. अर्धे पान भरलें आहे. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, त्या आम्हीं तशाच राहूं दिल्या.